मुलामा किती खर्चावा : १९६७ च्या ॲल्युमिनियम ट्रेलरच्या दुरुस्तीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

अमेरिकेतील ओहायो राज्यात स्थायिक झालेल्या एका मराठी दांपत्याने १९६७ सालचा एअरस्ट्रीम ओव्हरलँडर हा २६ फूट लांबीचा प्रवासी ट्रेलर विकत घेतला. त्याच्या दुरुस्तीची ही हकिकत आहे. पती यंत्र-अभियंता, तर पत्नी शाळेत शिक्षिका. दोघांनाही गाड्यांच्या कामाचा पूर्वानुभव नव्हता, मात्र हाताने काम करण्याची हौस होती. त्यांच्या शेजारी राहणाऱ्या एका निवृत्त विमान-मेकॅनिकने आपला बराचसा वेळ आणि काही अवजारे त्यांना दिली. ओळख पटेल असे तपशील वगळले असून ट्रेलर, पत्रा आणि दुरुस्तीच्या पद्धती यांविषयीची माहिती जशीच्या तशी ठेवली आहे.

वॉली बायम यांनी १९३१ साली सुरू केलेल्या एअरस्ट्रीम कंपनीचा कारखाना १९५२ पासून ओहायोतीलच जॅक्सन सेंटर या गावी आहे. तिच्या ट्रेलरची गोलसर, रिव्हेट मारलेली घडण विमानविद्येतून आलेली आहे. हॉली बोलस हे ग्लायडर बनवणारे अभियंते होते आणि लिंडबर्गच्या अटलांटिक-पार उड्डाणासाठीचे ‘स्पिरिट ऑफ सेंट लुईस’ हे विमान त्यांच्याच देखरेखीखाली बांधले गेले होते. त्यांनी १९३४ साली रिव्हेटच्या ॲल्युमिनियम पत्र्याचा ‘रोड चीफ’ ट्रेलर तयार केला आणि त्याच धर्तीवर १९३६ साली एअरस्ट्रीमचा ‘क्लिपर’ आला. ही घडण केवळ दिखाऊ नव्हती. १९६३-६४ मध्ये अशा ट्रेलरांचा एक काफिला सिंगापूरहून निघून भारतासह आशियातील अनेक देश ओलांडत युरोपपर्यंत गेला, आणि तेव्हाचे रस्ते ज्यांनी पाहिले आहेत त्यांना याचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही.

प्रकरण समजण्यासाठी घडणीतील दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. पहिली अशी की ट्रेलरचे कवच हे चासीवर ठेवलेले निव्वळ झाकण नाही. ॲल्युमिनियमच्या बरगड्या, त्यांना बाहेरून आणि आतून रिव्हेट केलेला पत्रा, खालचे प्लायवूड आणि पोलादी चासी हे सर्व मिळून भार पेलतात. यांपैकी एक घटक सुटला की उरलेल्यांवर त्यांच्यासाठी न आखलेला भार येतो. दुसरी गोष्ट पत्र्याची. त्या काळच्या ट्रेलरच्या बाहेरच्या बाजूंना प्रामुख्याने ‘२०२४-टी३’ या विमानांसाठीच्या मिश्रधातूचा पत्रा वापरला जाई. या मिश्रधातूत सुमारे साडेचार टक्के तांबे असते. तांब्यामुळे ताकद येते, पण त्याच तांब्यामुळे तो लवकर खराबही होतो. म्हणून त्याच्या दोन्ही अंगांना जवळजवळ शुद्ध ॲल्युमिनियमचा मुलामा असतो; त्याला ‘ॲल्क्लॅड’ म्हणतात. पत्र्याची जाडी साधारण ०.०३२ इंच, म्हणजे ०.८ मिलिमीटर, आणि मुलामा प्रत्येक बाजूला जाडीच्या सुमारे पाच टक्के, म्हणजे जेमतेम ४० मायक्रॉन. आरशासारखे चमकते ते हे ४० मायक्रॉन, आणि मधल्या गाभ्याला वाचवतात तेही हेच.

समस्या

खरेदीच्या वेळी दांपत्याच्या डोळ्यांसमोर एकच चित्र होते: ज्यात आभाळ दिसावे असा चकचकीत ट्रेलर. प्रत्यक्ष ट्रेलर अनेक वर्षे एका शेताच्या कडेला झाडाखाली उभा होता. या काळातील ट्रेलरवर कारखान्यातच पारदर्शक लेप चढवत असत. तो लेप पिवळा पडून ठिकठिकाणी पापुद्र्यांनी सुटला होता. जिथे तो शाबूत दिसत होता तिथेही त्याच्याखाली दिव्यांच्या चौकटींपासून आणि पत्र्यांच्या कापलेल्या कडांपासून केसासारख्या बारीक, वेड्यावाकड्या रेषा पसरलेल्या होत्या. हे तंतुरूप क्षरण. लेपाच्या कडेखाली ओल आणि मीठ शिरले की ते सुरू होते आणि लेपाच्या आडोशाने पुढे सरकत राहते. ओहायोत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकले जात असल्याने तिथे ते विशेष आढळते. याखेरीज पुढच्या उजव्या बाजूला फांदी पडून खोलगट पोचा आला होता, आणि दाराच्या मागच्या पत्र्यावर कोणीतरी पूर्वी सँडिंगची चकती फिरवलेली दिसत होती.

हे झाले डोळ्यांना दिसणारे. शेजारच्या मेकॅनिकने पहिल्याच भेटीत पत्र्याकडे फारसे न पाहता मागच्या बंपरवर उभे राहून अंगाचा भार खाली-वर दिला. कवच जागचे हलले नाही. बंपर आणि चासी मात्र खाली गेली आणि दोहोंमध्ये बोट जाईल एवढी फट उघडली. जुन्या एअरस्ट्रीमचा हा ओळखीचा रोग आहे. बंपरलगतच्या सामानाच्या कप्प्यावरचा पत्रा कवचाखाली सरकवलेला असतो आणि त्यावर पडलेले पाणी तो थेट प्लायवूडच्या कडेत नेतो. प्लायवूड कुजले की कवच आणि चासी यांना जोडणाऱ्या बोल्टांना धरायला काही उरत नाही, आणि धावत्या ट्रेलरचे शेपूट कवचापासून वेगळे हेलकावे खाऊ लागते.

आतली तपासणीही फार आशादायक नव्हती. दारापाशी आणि मागच्या दोन्ही कोपऱ्यांत पेचकस प्लायवूडमध्ये सहज घुसत होता. भिंतींमधील फायबरग्लासमध्ये उंदरांची घरटी होती, आणि उंदरांचे मूत्र ॲल्युमिनियमला आतून खाते. तळावर नऊ इंची जुन्या टाइल्स होत्या. त्या काळच्या अशा टाइल्समध्ये ॲस्बेस्टॉस असणे सामान्य असल्याने त्यांना हात लावण्याआधी नमुना प्रयोगशाळेत पाठवणे भाग होते. ॲक्सलमध्ये पोलादी नळीतील रबराच्या दांड्यांवर भार पेलण्याची व्यवस्था असते. दीर्घकाळ एका जागी उभ्या राहिलेल्या ट्रेलरमध्ये ते रबर कडक होते, आणि इथे चाकांचे आर्म, म्हणजे चाके ॲक्सलला जोडणारे दांडे, खाली झुकण्याऐवजी आडवे होऊन वर कललेले दिसत होते.

खरी समस्या अशी की दांपत्याचा वेळ, पैसा आणि उत्साह हे सारे चकाकीसाठी राखलेले होते, आणि ट्रेलरला त्याची गरज दुसरीकडेच होती.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय मूळच्या बेताप्रमाणे बाहेरून पॉलिश करून ट्रेलर अंगणात पाहुण्यांच्या खोलीसारखा उभा ठेवण्याचा होता. तो हास्यास्पद नव्हता. न चालवल्या जाणाऱ्या ट्रेलरला नवे ॲक्सल लागत नाही. पण कुजणे थांबत नाही, आणि पॉलिश करताना कवचावर टेकून, शिडी लावून, यंत्राचा दाब देऊन काम करायचे असते. जे कवच मागे चासीला धरलेलेच नाही त्यावर ते करणे मेकॅनिकला मान्य नव्हते.

दुसरा पर्याय कवच चासीवरून पूर्ण उचलण्याचा. यात चासी उघडी पडते, सर्व प्लायवूड बदलता येते आणि काम निर्मळ होते. परंतु उचललेले कवच आकार सोडू नये म्हणून आतून भक्कम आधार बांधावे लागतात, उचलण्यासाठी घोडे, म्हणजे आधाराचे सांगाडे, उभारावे लागतात आणि ऊनपावसापासून वाचवणारी उंच जागा लागते. दांपत्याकडे छपराखालची जागा होती, पण तिची उंची पुरेशी नव्हती.

तिसरा, मधला मार्ग म्हणजे कवच जागेवर ठेवून मागच्या भागातील आणि दारापाशी असलेले प्लायवूड तुकड्यांत काढणे आणि नवे बसवणे. यात अडचण अशी की मूळ प्लायवूडच्या कडा कवचाच्या खालच्या ॲल्युमिनियम पट्टीत अडकलेल्या असतात. बोल्ट कापून, कवच थोडे वर उचलून नवा तुकडा आत सरकवावा लागतो. काम किचकट असले तरी छपराखाली होण्यासारखे होते.

ट्रेलर विकून मोकळे व्हावे हा चौथा पर्याय पतीने एकदा मांडला. १९६६ ते १९६८ या वर्षांतील ट्रेलरना कॉर्निंगच्या वक्र, चौकटीविना काचा बसवलेल्या असत. त्या आता सहज मिळत नाहीत आणि या ट्रेलरच्या सर्व काचा शाबूत होत्या. पत्नीने विक्रीला नकार दिला तो बहुधा याच कारणासाठी, आणि प्रस्तुत लेखकाला तो नकार योग्य वाटतो.

पत्र्याच्या बाबतीतील पर्याय याहून बिकट होते, कारण तिथे केलेले काम परत फिरवता येत नाही. लेप उतरवून पत्रा आहे तसा मंद रुपेरी ठेवता आला असता. लेप उतरवून लगेच नवा पारदर्शक लेप चढवता आला असता. पण क्षरणाचे तंतू पूर्ण न काढता वर लेप दिला तर ते पुन्हा वाढू लागतात, आणि ते पूर्ण काढायचे तर घासणे आलेच. आरशासारखे पॉलिश करून त्यावर लेप देण्याचा मोह अनेकांना होतो; मात्र गुळगुळीत धातूवर लेपाची पकड कमी राहते आणि काही वर्षांत तो कडांपासून सुटतो. शेवटचा पर्याय आरशासारखे पॉलिश करून पत्रा उघडा ठेवण्याचा आणि दरवर्षी हलका हात फिरवण्याचा.

पतीला पूर्ण आरसा हवा होता. पत्नीचा प्रश्न असा होता की आरसा किती खोलवर जाऊन मिळवायचा, आणि पुढच्या पिढीतल्या मालकासाठी पत्र्यावर काय उरेल. या एका प्रश्नाने पुढच्या कामाची दिशा ठरली.

केलेली कामे

टाइल्सचा अहवाल ॲस्बेस्टॉस असल्याचा आला, म्हणून त्या काढण्याचे काम परवानाधारकांकडून करून घेतले. त्यानंतर आतील पत्रे, फायबरग्लास आणि जुनी वायरिंग काढली. काढलेला प्रत्येक पत्रा क्रमांक घालून ठेवला. आतील पत्रे साध्या पॉप रिव्हेटने बसवलेले असल्याने ड्रिलने ते सोडवता येतात.

आतला पत्रा निघाल्यावर कवच आतून उघडे असतानाच एकाने बाहेरून पाइपने संथ धार सोडायची, खालून सुरुवात करून वर जायचे आणि दुसऱ्याने आत टॉर्च घेऊन पाणी कुठून येते त्यावर खूण करायची, ही चाचणी झाली. पाणी खिडक्यांमधून येत असेल असा समज होता. प्रत्यक्षात बहुतेक ओल छतावरच्या हवा खेळवणाऱ्या झडपांच्या चौकटींतून आणि मागच्या दिव्यांच्या मागून येत होती. धार खालून वर नेण्याचे कारण साधे आहे. वरून सुरुवात केली तर ओघळणारे पाणी खालच्या प्रत्येक सांध्यावर खोटा आरोप करते.

सांध्यांना आतून पॉलियुरेथेन प्रकारचे सीलंट भरले. सिलिकोन कटाक्षाने टाळले, कारण ते एकदा लागले की त्यावर दुसरे काहीच नीट धरत नाही आणि ते पूर्णपणे निघतही नाही. सैल झालेले बाहेरचे रिव्हेट ड्रिलने काढून तिथे भरीव रिव्हेट मारले. या कामाला दोन माणसे लागतात: बाहेर हवेवर चालणारी रिव्हेट गन, आत धातूचा जड ठोकळा टेकवून धरणारा. जिथे आत हात पोहोचत नव्हता तिथे एकाच बाजूने बसणारे रिव्हेट वापरले आणि त्यांची डोकी विशेष चकतीने तासून बाकीच्यांसारखी केली. मेकॅनिकचा अनुभव इथे सर्वाधिक उपयोगी पडला.

मागचे दोन आणि दारापाशचे एक अशी प्लायवूडची तीन फळकुटे बदलली. नवे ५/८ इंची मरीन प्लायवूड आणून त्याच्या कडांना आधी इपॉक्सी पाजले. मागची पोलादी पट्टी आणि तिचे बोल्ट नवे केले, आणि पाणी आत नेणारा बंपरलगतचा पत्रा कवचाखाली न सरकवता बाहेरूनच वळवून घेतला. कवच आणि चासी यांच्या मूळ रचनेत एवढा एकच बदल जाणीवपूर्वक केला गेला. चासी घासून गंजरोधक रंग दिला, आणि जिथे ॲल्युमिनियम पोलादावर टेकते तिथे मध्ये टेप घातली, कारण ओलाव्यात या दोन धातूंच्या संपर्कात ॲल्युमिनियम खाल्ले जाते. ॲक्सल संपूर्ण बदलली.

सांडपाण्याच्या टाकीचा निर्णय वेगळा नोंदवण्याजोगा आहे. १९६७ च्या मॉडेलमध्ये शौचालयाची टाकी असे, पण बेसिन आणि अंघोळीच्या पाण्यासाठी टाकी नसे. ते पाणी बाहेर सोडले जाई. आताच्या कॅम्पग्राउंडवर ते चालत नाही. टाकीला सोयीची जागा ॲक्सलच्या मागे होती, परंतु मागे वजन वाढले की हिचवरचे, म्हणजे ट्रेलर पुढच्या गाडीला जोडणाऱ्या सांध्यावरचे, वजन कमी होते आणि धावता ट्रेलर डोलू लागतो. हिचवर एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार असावा असा सर्वसाधारण नियम आहे. म्हणून टाकी लहान केली आणि शक्य तितकी ॲक्सलजवळ आणली.

एवढे झाल्यावर पत्र्याची पाळी आली. लेप काढण्यासाठी पूर्वी सर्रास वापरले जाणारे मिथिलीन क्लोराइडचे पेंट रिमूव्हर अमेरिकेत किरकोळ ग्राहकांना विकण्यावर पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१९ साली बंदी घातली. बंद जागेत त्याच्या वाफेने माणसे दगावली होती. दांपत्याने बेंझिल अल्कोहोलवर आधारित रिमूव्हर घेतले. ते सावकाश काम करते, उन्हात लवकर सुकते आणि थंडीत सुस्त होते. म्हणून ते सावलीत लावून वर प्लास्टिकची पातळ फिल्म चिकटवायची, लेप सुरकुतला की प्लास्टिकच्या पट्टीने खरवडायचा आणि भरपूर पाण्याने धुवायचा, असा क्रम ठरवला. पोलादी ब्रश किंवा स्टील वूल वापरायचे नाही हेही ठरले होते, कारण लोखंडाचे कण मऊ ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि नंतर गंजाचे ठिपके उमटतात. ट्रक धुण्याच्या ठिकाणी मिळणारे ‘ब्राइटनर’ वापरून पाहण्याची सूचना एका परिचिताने केली होती. त्यांपैकी काहींमध्ये हायड्रोफ्लोरिक आम्ल असते, जे पत्र्याला तर खातेच, पण कातडीवर पडले तर जिवावर बेतू शकते. ती सूचना तिथेच संपली.

पॉलिशआधीची चाचणी या प्रकरणातील सर्वांत उपयुक्त पाऊल ठरली. दाराच्या मागे चकती फिरवलेल्या जागी मुलामा शिल्लक आहे का हे डोळ्यांनी कळत नव्हते. मेकॅनिकने विमानशाळेतील जुनी रीत वापरली: कॉस्टिक सोड्याच्या सुमारे दहा टक्के द्रावणाचा एक थेंब, हातमोजे आणि चष्मा घालून, आधी दिव्याच्या चौकटीखाली झाकलेल्या जागी आणि मग त्या संशयास्पद जागी टाकला. मुलामा असेल तिथे थेंबाखाली पत्रा पांढराच राहतो. मुलामा गेलेला असेल तर तांबे असलेला गाभा काळा पडतो. चौकटीखाली पांढरे, चकतीच्या जागी काळे. दोन्ही थेंब लगेच भरपूर पाण्याने धुतले.

आता निर्णय घ्यायचा होता. त्या जागेच्या कडा उंचसखल होत्या. आजूबाजूचा भाग घासून सारे एकसारखे केले असते तर दुरून पत्रा सपाट दिसला असता, पण गाभा उघडा पडलेली जागा कित्येक पटींनी वाढली असती. दांपत्याने तो डाग तसाच ठेवला. प्रस्तुत लेखकाच्या मते संपूर्ण कामातील हा सर्वांत शहाणा निर्णय होता, आणि तो घेणे सर्वांत कठीणही होते, कारण डाग दाराजवळच आहे. पोच्याच्या बाबतीतही असेच झाले. सपाट बाजूचा पत्रा असता तर नवा ॲल्क्लॅड पत्रा आणून बसवता आला असता; पण पोचा पुढच्या गोल टोकावर होता, आणि तिथले तुकडे दोन दिशांनी वळवलेले असतात. असे पत्रे कारखान्यात साच्यावर ताणून घडवतात. घराच्या अंगणात ते होत नाही. आतून लाकडी हातोडीने पोचा शक्य तेवढा वर काढला आणि उरलेला राहू दिला.

पॉलिशचे काम टप्प्याटप्प्याने झाले. पहिल्या फेरीत लोकरीची चकती बसवलेल्या बफिंग मशीनवर मध्यम दर्जाचे कंपाउंड, म्हणजे घासून चमकवण्याचा मसाला, घेऊन, मशीन कमी वेगात ठेवून, एका वेळी हात पुरेल एवढाच चौकोन घेतला. कंपाउंड काळे पडते ते ऑक्साइड आणि धातूच्या बारीक कणांनी. काळेपणा दिसला म्हणजे काम चालू आहे, आणि तो दिसायचा थांबला की पुढे घासण्यात मुलामा जाण्याखेरीज काही नसते. सर्वांत खरखरीत दर्जाचे कंपाउंड फक्त तंतुरूप क्षरण खोल असलेल्या कडांपुरते वापरायचे असे ठरले. तरीही काही तंतू पुसट दिसत राहिले, आणि ते राहू दिले गेले. गोल बफमुळे उमटलेल्या वर्तुळाकार खुणा घालवण्यासाठी दुसऱ्या फेरीत दोन डोक्यांचे ऑर्बिटल मशीन वापरले. त्यावर स्वेटशर्टच्या आतल्या मऊ बाजूचे कापड गुंडाळून बारीक कंपाउंड फिरवले. रिव्हेटच्या डोक्यांभोवती साचणारा काळा चिकटा लाकडी काडीने काढला आणि उरलेली तेलकटपणाची झाक मक्याच्या पिठाने टिपली.

छताला पॉलिश केले नाही. ते कोणाला दिसत नाही, तिथे पत्र्यावर टेकून काम करणे धोक्याचे आहे आणि तिथला मुलामा सर्वांत जास्त ऊन-पाऊस झेलतो. लेप उतरवून छत मंद ठेवले. बाजूंच्या खिडक्यांखालचा पट्टा आणि दोन्ही गोल टोके पूर्ण चकाकतील, त्यावरचा भाग एकाच फेरीवर थांबेल, अशी विभागणी ठरली. पती-पत्नींच्या मतभेदाचा निकाल याच विभागणीने लागला.

परिणाम

काम सुमारे दोन वर्षे, मुख्यतः सुट्टीच्या दिवशी चालले. एकट्या पॉलिशलाच शंभराहून अधिक तास लागले. खर्चाचा मोठा वाटा ॲक्सल, टाकी, वायरिंग आणि ॲस्बेस्टॉस काढण्यात गेला. पॉलिशचे साहित्य त्या मानाने किरकोळ होते. घामाचा हिशेब अर्थातच उलटा आहे.

बंपरवर उभे राहिल्यावर आता चासी आणि कवच एकत्र हलतात. सामान भरून ट्रेलर ट्रकच्या वजनकाट्यावर नेला तेव्हा हिचवरचा भार योग्य मर्यादेत आला, आणि लहान टाकी निवडण्याचा निर्णय बरोबर ठरला. पहिल्या मोठ्या पावसात एका झडपेपाशी थोडी ओल दिसली. ती बाहेरून बंद करता आली.

चकाकी दिवसा चांगली दिसते, तिरप्या उन्हात तंतूंच्या पुसट खुणा आणि दारामागचा राखाडी डागही दिसतो. गोल टोकांवरील दोन तुकडे बाजूच्या पत्र्यापेक्षा किंचित निळसर उमटले. वेगळ्या मिश्रधातूचा पत्रा असावा असा मेकॅनिकचा अंदाज आहे, आणि कितीही घासले तरी तो रंग जुळणार नाही हे त्यांनी आधीच सांगितले होते. पहिल्या वर्षाच्या अखेरीस चकाकी मंद झाली, तेव्हा फक्त शेवटच्या बारीक कंपाउंडचा एक हात फिरवला. हिवाळ्यात मीठ टाकलेल्या रस्त्यावर ट्रेलर नेला जात नाही. ताडपत्री कधीच घातली जात नाही, कारण तिच्याखाली ओल कोंडते आणि वाऱ्याने फडफडून ती पत्र्यावर ओरखडे पाडते.

एक नुकसान मात्र झाले. लेप काढण्याआधी कडेचे रबर सोडवताना एक वक्र काच तडकली. जुन्या ट्रेलरच्या सुट्या भागांतून तशीच काच मिळेपर्यंत त्या खिडकीत पॉलिकार्बोनेटचा तुकडा बसवलेला होता.

वेगळे काय करता आले असते

कामांचा क्रम एका ठिकाणी चुकला. आतून सीलंट भरल्यानंतर दांपत्याने उत्साहाने खिडक्या आणि झडपांच्या बाहेरच्या कडाही लगेच भरल्या. पुढे रिमूव्हरने ते नवे सीलंट मऊ केले, आणि जे वाचले त्याच्या कडेला पॉलिशचा काळा चिकटा बसला. तेलकट कंपाउंडवर सीलंट धरत नाही, म्हणून सर्व कडा खरवडून, सॉल्व्हंटने पुसून पुन्हा भराव्या लागल्या. आतून आधी, बाहेरून पॉलिश झाल्यावर, असा क्रम ठेवला असता तर हे श्रम वाचले असते. पाण्याच्या चाचणीसाठी बाहेरच्या कडांना तात्पुरती टेप पुरली असती.

काचेच्या बाबतीत वेगळा मार्ग होता का, याविषयी मतभेद आहे. पतीच्या मते काचा मुळीच काढायला नको होत्या, त्यांच्यावर प्लास्टिक चिकटवून काम करता आले असते. पण रिमूव्हर जुन्या रबरातून आत झिरपते, आणि मग रबर बदलण्यासाठी काच काढावी लागलीच असती. रबर आधी गरम हवेने मऊ करून, दोन माणसांनी काच सर्व बाजूंनी एकाच वेळी सोडवणे हा अधिक सुरक्षित मार्ग दिसतो. घाई झाली ती त्या दिवशी दुसरे माणूस नसल्यामुळे.

खरेदीच्या टप्प्यावर बंपरची परीक्षा, पेचकसाने कोपरे टोचणे आणि ॲक्सलचे आर्म पाहणे या तीन गोष्टींना पंधरा मिनिटेही लागत नाहीत. त्या केल्या असत्या तर दांपत्याने ट्रेलर घेतलाच नसता असे नाही, परंतु दिलेली किंमत चकाकीच्या आशेवर न ठरता सांगाड्याच्या अवस्थेवर ठरली असती, आणि ॲक्सलची मागणी आधीच नोंदवता आली असती. ती बनवून येईपर्यंत काम बराच काळ अडून राहिले होते.

कॉस्टिकच्या थेंबाची चाचणी फक्त संशयास्पद जागी झाली. दरवाजाच्या वरच्या पन्हाळीखाली आणि चाकांच्या कमानीभोवतीही ती करायला हवी होती, कारण तिथे पूर्वीच्या मालकांच्या साफसफाईचा हात अधिक फिरलेला असतो. चाकाच्या कमानीवर दुसऱ्या फेरीनंतर एक फिकट राखाडी पट्टा उमटला. तो मुलामा आधीच पातळ झालेला असल्याने उमटला की या कामात गेला, हे आता ठरवता येत नाही. पुढच्या वर्षीचा हलका हात त्या कमानीवर न फिरवता तिथे केवळ मेण लावण्याचे दांपत्याने ठरवले आहे.